मटारची टरफलं

माझी थोरली जाऊ शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य, आणि मी तिच्या हाताखाली. घरीही तीच, शाळेतही तीच. माझं नशीब बघा! पण खरं सांगते, पोरांना इतका जीव लावणारी बाई शोधून सापडायची नाही. आमच्या वस्तीतल्या दुकानांत बिस्किटं नि चिप्सच्या पुड्यांशिवाय काही मिळत नाही, म्हणून ही पहाटे बसने मंडईत जाते, ताज्या भाजीच्या पिशव्या लादून आणते. आणि पोरं काय करतात? हिरवं काही दिसलं की वेचून ताटाच्या कडेला!

शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "मावशी, किती भाजी वाया जाते! ठेकेदाराकडून तयार जेवणाची पाकिटंच मागवू. शुक्रवारी मी स्वतः येऊन बघते, मग काय ते ठरवू."

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. स्वयंपाकघर बंद म्हणजे आमची नोकरी गेली, पण तिला त्याचं काही नव्हतं. "पोरं जन्मभर पुडेच खाणार गं," एवढंच म्हणाली. मला भडभडून आलं.

शुक्रवारी विज्ञानाच्या बाई पाचवीचा वर्ग घेऊन आल्या. आहाराचा धडा चालू होता, भाजी हातात घेऊन बघायची होती. थोरलीने मटारच्या शेंगा चटईवर ओतल्या. "नुसतं बघता काय? सोला! आज ह्याचीच भाजी."

पोरं फतकल मारून बसली. कुणीतरी एक दाणा तोंडात टाकला. "ए, गोड आहे!" झालं! विज्ञानाच्या बाईही धडा विसरून खायला लागल्या. आम्ही दोघी भाताच्या गडबडीत, आमचं लक्षच नाही.

वळून बघतो तर पातेल्यात मूठभर दाणे!

"अरे माकडांनो!" थोरली कडाडली. "आता शिजवू काय, टरफलं? आजच सुचलं होय रे तुम्हाला?"

तेवढ्यात मोठ्या बाई दारात. कचऱ्याची बादली काठोकाठ हिरवी. "बघा! अजून पंगत बसली नाही आणि भाजी बादलीत!"

थोरली पदराने कपाळ पुसायला लागली. पण माझी जीभ थोडीच गप्प बसते? "बाई, हात घालून बघा. एक दाणा सापडला तर नाव बदलीन."

त्यांनी एक शेंग उचलली. रिकामी. दुसरी, तिसरी, सगळ्या रिकाम्या. मागून एक चिमुरडी रडवेली होऊन म्हणाली, "आम्हीच खाल्ले, बाई. पुन्हा नाही खाणार."

"अगं, खा गं बाई, खा!" मोठ्या बाई हसत सुटल्या. ठेकेदाराला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी आम्ही कुलूप लावतोय, तर मागच्या दाराशी चार-पाच आया. "मावशी, पोरांनी डोकं खाल्लंय. ते मटार मिळतात तरी कुठे?"

"पहाटे बसस्टॉपवर या, दाखवते," थोरली गुरकावली. "आणि पिशव्या आपापल्या उचला, मी हमाल नाही कुणाची!"

त्या गेल्या, आणि ही खडूस बाई माझ्या गळ्यात पडून हसता हसता रडायला लागली.