सिमोन सरांचे पाय आणि चर्चची पायपेटी

आमच्या शहाद्याच्या चर्चमधला ऑर्गन वर्षातून एकदा, नाताळाच्या आधी, साफसफाईसाठी उघडतात. आतून काय निघेल ते सांगता येत नाही. एकदा चक्क कवळी निघाली आणि ती आपली म्हणायला कुणीच तयार होईना. पण वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त निघतात. हातात फडकं घेऊन कुणीतरी "आठवतं का रे" म्हणतं आणि साफसफाई राहते बाजूला.

हा ऑर्गन म्हणजे जुनी पायपेटी. खाली दोन पायटे, ते आळीपाळीने दाबत राहायचे म्हणजे भात्यात हवा खेळते, आणि वर बोटांनी पट्ट्या दाबल्या की सूर येतो. पाय थांबले की सूरही थांबला. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी ही पेटी बैलगाडीतून आणली असं सांगतात.

वाजवणारे आमचे सिमोन सर. सर शिक्षक कधीच नव्हते, साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. पण गावातल्या इतक्या पोरांना त्यांनी सुरात गायला शिकवलं की घरी बायकोसुद्धा त्यांना 'सर'च म्हणते. बायको म्हणजे रूथमावशी, आमच्या गायनमंडळात गातात. मीही गातो, निदान उभा तरी असतो. आमच्या मंडळीत गीतं शुद्ध मराठीत होतात आणि भांडणं अहिराणीत.

* * *

नोकरीत असताना सर कारखान्यावरून, म्हणजे पुरुषोत्तमनगरहून, दर रविवारी सायकलवर यायचे. सायकल भिंतीला टेकवली की थेट ऑर्गनवर. आता पाय तर तापलेले, त्यामुळे पहिलं गीत सायकलच्याच वेगाने सुटायचं! म्हाताऱ्या मंडळींचं दुसरं कडवं चालू असायचं तेव्हा सर शेवटच्या ओळीवर पोचून घाम पुसत बसलेले.

शेवटी वडीलमंडळींनी हात जोडले, "सर, पुढला रविवारले एसटीमा बशीसन या."

सर ऐकणारे माणूस. पुढच्या रविवारी एसटीने निघाले. एसटी आली उशिरा. सर स्टँडपासून चर्चपर्यंत धावत आले.

त्या दिवशीचं पहिलं गीत किती वेगात झालं ते विचारू नका. नंतर त्यांना कुणी वाहनाबद्दल बोललं नाही.

* * *

एका उन्हाळ्यात भात्याला चीर पडली. सर पायटे मारून थकायचे आणि ऑर्गन दम्याच्या पेशंटसारखा वाजायचा. मुंबईचा कारागीर बोलवायचा तर कधी येईल भरवसा नाही. म्हणून स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या गुलाबभाऊंना बोलावलं. शेवटी भाता काय आणि ट्यूब काय, हवा धरणं महत्त्वाचं.

गुलाबभाऊ आले, भात्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "पानीनी टाकी कोठे शे? बुडाडं म्हंजे बुडबुडा येतीन, मंग समजी भोक कोठे शे."

सर हात पसरून ऑर्गनच्या पुढे उभे राहिले. ते काही केल्या हलेनात.

मग साबणाच्या फेसावर तडजोड झाली. चीर सापडली, पॅच बसला. सरांनी पायटे मारून पाहिले, सूर आला, आणि आम्हा सगळ्यांना खरोखर आनंद झाला. गुलाबभाऊ मात्र अजून वाकून भाताच दाबून बघत होते. म्हणाले, "सर, हवा कितली ठेवू? पुढला चाकनी, का मांगला चाकनी?"

* * *

सरांची एक खोड सगळ्यांना ठाऊक आहे. प्रवचन लांबलं की ते ऑर्गनपुढे बसल्या बसल्या डुलकी काढतात. पण सर झोपले तरी त्यांचे पाय झोपत नाहीत, पायटे मारतच राहतात. एरवी काही बिघडत नाही, कारण पट्टी दाबल्याशिवाय आवाज येत नाही.

पावसाळ्यात मात्र पट्ट्या फुगतात. अशाच एका ओल्या रविवारी एक पट्टी आतच अडकून बसली. नंदुरबारहून पाहुणे पाळक आले होते. त्यांनी प्रवचन सुरू केलं, सरांना डुलकी लागली, पाय चालू झाले आणि मागून एक सूर बारीक लागला तो लागलाच.

आम्ही घाबरून पाळकांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर कान दिला, घसा खाकरला आणि तोच सूर धरून अख्खं प्रवचन गाऊन काढलं. एवढं सुरेल प्रवचन आम्ही परत ऐकलं नाही.

निघताना पाळकांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "आमच्याकडे नुसता माइक देतात हो."

* * *

एकदा आम्ही गायनमंडळाची सहल काढली, मुंबईच्या एका जुन्या चर्चमधला पाइप ऑर्गन ऐकायला. भिंतभर नळ्या! काही बोअरच्या केसिंग पाइपएवढ्या, काही पेनाएवढ्या. वाजवणारा तरुण मुलगा होता. त्याने पहिलाच सूर धरला आणि आमच्या पायाखालची फरशी थरथरली. सरांचे डोळे भरून आले. ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या मुलाने अदबीने विचारलं, "काका, वाजवून बघता का?"

सरांनी चपला काढल्या, आधी नमस्कार केला आणि बसले. बसल्या बसल्या सवयीने पाय हलवले. आता पाइप ऑर्गनला पायाखाली पायटे नसतात. तिथे खर्जाच्या पट्ट्या असतात आणि त्या पायांनी वाजवायच्या असतात, हे आम्हा गावकऱ्यांना काय माहीत! डावा, उजवा, डावा, उजवा असा जो गडगडाट सुरू झाला, तो ऐकून बाहेरचा वॉचमन धावत आत आला.

सर दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी अजून सुरुवात केली नाही. मी नुसती हवा भरतोय."

मुलाने समजावलं की हवा मोटर भरते. सरांनी थोडा विचार केला आणि शहाद्याच्या माणसाने विचारायचा तोच प्रश्न विचारला, "लाइट गेली तर?"

"इथे लाइट जात नाही," तो म्हणाला.



* * *

गेल्या वर्षी सरांचा उजवा गुडघा गेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करा, नाहीतर थोड्या दिवसांत चालणंही बंद होईल. सर काही ऐकेनात. कारण विचारलं तर म्हणायचे, "या गुडघ्याला सगळी गीतं पाठ आहेत. नव्याला कोण शिकवणार?" आम्ही हसायचो. रूथमावशी हसायच्या नाहीत. घरात त्यांनी विषय काढला की सर काठी घेऊन अंगणात जाऊन बसायचे.

इकडे कमिटीत कीबोर्ड घ्यायची भाषा सुरू झाली. ऑर्गन भिंतीकडे सरकवू म्हणाले. सर एकदम म्हातारे दिसायला लागले. मला तर त्यांच्याकडे बघवेना.

मग मावशींनीच तोड काढली. पुढच्या रविवारी त्या सरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या आणि पायटे स्वतःच्या पायाखाली घेतले. बोटं सरांची, पाय मावशींचे. आयुष्यभर ज्या पेटीला त्या 'मन्ही सवत' म्हणाल्या, तिला त्यांनी अशी हवा घातली की आम्ही गायचं सोडून बघतच राहिलो. कीबोर्डचा विषय मागे पडला. सर खूश. गुडघा मात्र तसाच.

* * *

आणि हा किस्सा यंदाच्या ईस्टरचा. चर्च गच्च भरलेलं, माणसं दारापर्यंत उभी. गीताची दोन कडवी दणक्यात झाली. तिसऱ्याच्या मधोमध ऑर्गन हळूहळू खाली बसला आणि बंद पडला. आम्हीही एकेक करत थांबलो.

सरांची बोटं पट्ट्यांवर तशीच. त्यांनी वाकून खाली पाहिलं. मावशी दोन्ही पाय उचलून बाकावर मांडी घालून बसल्या होत्या.

"काय व्हयनं?" सरांनी हळूच विचारलं.

"ऑपरेशनले हो म्हना."

"आठे? चर्चमा?"

"आठेच. घरमा तुम्ही उठीसन बाहेर निंघी जातस. आठून कोठे जाशात?"

सरांनी मंडळीकडे पाहिलं, पाळकांकडे पाहिलं. पाळक छताकडे बघत होते. सरांनी मान हलवली.

"नुसती मान नको. बोला."

"करसू," सर म्हणाले.

"मांगे आयकू उनं नही," मावशी म्हणाल्या.

"करसू म्हनस ना. ऑपरेशन करसू."

मावशींनी मांडी सोडली, पाय पायट्यांवर ठेवले. भात्यात हवा भरू लागली. आणि सूर लागायच्या आत, दारापाशी उभ्या गुलाबभाऊ पंक्चरवाल्यापासून पुढच्या बाकापर्यंत, सगळं चर्च एका आवाजात म्हणालं, "आमेन."