अंगठ्याचं माहेरपण

माझ्या अंगठ्याला रेषा नाहीत, हे मला सरकारकडून कळलं. एवढी वर्षं हे हात माझ्याच अंगाला आहेत, पण मी काही ते कधी निरखून पाहिले नव्हते. काजूच्या कारखान्यात आम्ही बायका काजू फोडतो आणि सोलतो. टरफलातून जे काळं तेल सुटतं ते कातडी जाळतं, म्हणून हाताला खोबरेल आणि राख चोळून बसायचं. तरी जे व्हायचं ते होतंच. बोटांची साल निघते, नवी येते, तीही निघते. आम्ही त्याचं फारसं दुःख करत नाही. उलट चुलीवरचं आधण फडक्याशिवाय उतरवता येतं म्हणून मी घरात भाव खाऊन असायची.

बायकांच्या खात्यात सरकार दर महिन्याला जे पैसे टाकतं, ते मलाही मिळतात. रक्कम डोळे दिपवणारी नाही, पण त्या पैशांत एक गुण आहे. मजुरी घरात येते आणि घराचीच होते. हे पैसे माझे राहतात. आमच्या ह्यांची रिक्षा आहे, कुणकेश्वरला येणाऱ्या भाविकांची ने-आण करतात. माणूस चांगला. मी मागितलं आणि ते नाही म्हणाले असं कधी झालेलं नाही. फक्त "कित्याक?" एवढं विचारतात. कशाला हवेत? त्यात संशय नसतो, राग नसतो, नुसती सवय असते. पण लग्नापासून त्या "कित्याक"ला उत्तर देऊन देऊन माझा जीव विटला होता. सरकारचे पैसे सुरू झाले तेव्हा मी देवगडच्या बाजारात जाऊन लेकीला एक चांगली छत्री आणि मला वाचायला एक जाडजूड पुस्तक घेतलं, आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी मी घरी आले ती जरा जास्तच ताठ चालत.

म्हणून यंदा पडताळणी करा, नाहीतर पैसे बंद, असं कळल्यावर मी हबकले. बंद झाले तर माझी गाडी पुन्हा "कित्याक"वर येणार होती. ज्यांचा फोन आधारला जोडलेला होता त्यांचं काम घरबसल्या झालं. माझा जुना नंबर कधीच बंद पडला होता, त्यामुळे माझ्या वाट्याला सेवा केंद्र आणि अंगठा आला.

जायच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली. असले हात चारचौघांत पुढे कसे करायचे? मी घासलेट घेतलं, नारळाच्या सोडणाचा काथ्या घेतला आणि बोटं घास घास घासली. लेक म्हणाली, "आई, पुरे गो." पण मी ऐकते थोडीच! हात लग्नातल्या करवलीसारखे गोरे झाले, आणि मी खूश झाले.

सेवा केंद्रातली मुलगी गोड बोलणारी होती. तिने अंगठा ठेवायला सांगितला. यंत्राने नकार दिला. तिने ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं, मग कोरड्या, मग केसांवरून बोट फिरवायला सांगितलं. डावा, उजवा, तर्जनी, करंगळीसुद्धा झाली. मागे रांगेतल्या बायका माझ्या बोटांकडे बघून हळहळायला लागल्या. त्या हळहळीचा मला यंत्रापेक्षा जास्त राग आला.

"काकी, रेषा दिसतच नाहीत हो," ती म्हणाली. "काल काही लावलं होतं का हाताला?"

"घासलेटाने धुतले," मी म्हटलं.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. डोळ्यांवरून ओळख पटवायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. "हाताला थोडे दिवस आराम द्या. कातडी नवी आली की उमटेल. अजून मुदत आहे," असं म्हणून तिने पुढच्या बाईला बोलावलं.

घरी येईपर्यंत मी पोटभर चिडून घेतलं. कष्टकरी घराला मदत म्हणून पैसे द्यायचे, आणि ते घ्यायचे तर कष्ट थांबवायचे! आमच्यात जितका काजू सोलाल तितकी मजुरी, घरी बसलं की काही नाही. आणि घरी तरी कोण बसतंय? भांडी आहेत, चिंच-मीठ आहे, मासळी आहे, कपडे आहेत. हाताला आराम द्या म्हणे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकलं होतं. सरकारी काम आणि हात बांधून बस, हे नवीनच.

सासूबाई ओटीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हय रवलंस तर तुझे हात गप रवाचे नाय. जा आवशीकडे. चार दिवस बसान खा."

"आणि इथलं?"

"तू येवच्या आधी ह्या घरातली चूल काय आपसूक पेटत होती?"

एवढ्यात हे आले. सासूबाईंनी सांगितलं की ही माहेरी जातेय. ह्यांनी किल्ली खुंटीला लावत सवयीने विचारलं, "कित्याक?"

"अंगठ्याक!" सासूबाई म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. मी त्यांच्यावर त्या दिवसाइतकं प्रेम याआधी कधी केलं असेल असं वाटत नाही.

माझं माहेर तोंडवलीला. आई तिथे एकटीच असते. भाऊ गोव्यात नोकरीला, तो गणपतीला येतो. मीही जाते, पण कशी? सकाळच्या एसटीने जायचं, आईला औषधं द्यायची, तिचं अंगण झाडायचं, चार पातेली घासायची आणि दुपारच्या गाडीने परत. बाळंतपणानंतर मी त्या घरात सलग राहिलेच नव्हते. रिकाम्या हाताने तर त्याआधीही नाही.

आईला मी सगळी हकिकत सांगितली. तिला यंत्राचं फारसं कळलं नसावं, पण मुद्दा बरोबर कळला. तिने जुन्या साडीची मऊ पट्टी फाडली, माझ्या बोटांना कोकमाच्या बियांचं तेल चोळलं आणि दहाही बोटं बांधून टाकली. टाचा फुटल्यावर लावतात ते हे तेल. शेजारीण डोकावली, तिने विचारलं, "काय गो, हात भाजलंस?" आई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "सरकारान तिका बसाक सांगल्यान हा." शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तहसीलदार होऊन आले.

जेवायला बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं. मी हात पुढे केला तशी आईने चमचा दिला. तिखट-मिठाने कातडी पुन्हा सोलवटेल म्हणे. आता चमच्याने बांगडा कसा खायचा, हे ज्याला जमतं त्याला माझा नमस्कार. मी दोन घास काट्यांसकट खाल्ले आणि खोकले. मग आई माझ्या ताटाशी येऊन बसली. "थांब. काटे मी काडतंय," म्हणाली, आणि एकेक तुकडा निवडून माझ्या भातावर ठेवायला लागली. माझ्या केसांत पांढऱ्या बटा, माझी लेक कॉलेजात, आणि मी मांडी घालून आईने काटे काढायची वाट बघत होते. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. फार बरं वाटलं.

तरी बसणं काही सोपं नव्हतं. मी केरसुणीकडे नुसतं पाहिलं तरी आई ओरडायची. दुपारी मी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायची आणि बसायची. रापणीचं जाळं ओढून झालेलं असायचं, बायका मासे निवडत असायच्या आणि माझे हात आपोआप त्यांच्याबरोबर हलायचे. पुण्या-मुंबईचे पर्यटक तिथे पैसे देऊन हेच करायला येतात, काही न करायला. मला वाटलं, ह्यांना शिकवतं कोण? पहिले काही दिवस मी त्यांच्याकडे चोरून बघून बसायला शिकले. नंतर मला ते इतकं जमलं की संध्याकाळी आईला हाक मारायला यावं लागायचं.

एकदा जेवताना मी सहज म्हटलं, "आई, तिरफळांची बाटली तर भरलेलीच आहे. तू बांगडे करत नाहीस का?"

"एकटेसाठी कोण करता गो," ती म्हणाली. "भात नि पेज पुरे." ती हे अगदी साधेपणाने बोलली, हवापाण्याची गोष्ट बोलावी तशी. मी चमच्याने माझा अर्धा बांगडा तिच्या भातावर सरकवला. मी दर महिन्याला येऊन तिच्या गोळ्या मोजत होते, आणि ती काय खाते हे मला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी आईने चहा दिला. मी पट्ट्या सोडून कप उचलला आणि हात झटकला. कप हातून सुटला, चहा माझ्या साडीवर सांडला. चटका बसला होता! आई घाबरून धावत आली, तर मी हसत होते. किती वर्षांनी माझ्या बोटांना गरम लागलं होतं. मी आईच्या साडीचा पदर चिमटीत धरून पाहिला, तर त्याची वीण कळत होती. तिच्या हातावरून बोट फिरवलं, तर तिची सैल पडलेली, सुरकुतलेली कातडीही कळली. "खुळी झालंस काय?" आईने विचारलं. मी म्हटलं, "चल, आता जाऊया."

आचऱ्याच्या बाजारात सेवा केंद्र आहे, तिथे गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, जणू परीक्षा तिचीच होती. आत गर्दी, म्हणून ती बाहेर बाकड्यावर बसली. माझी पाळी आली. मी अंगठा ठेवला. नकार. सगळं मुसळ केरात गेलं असं वाटलं. "दाबू नका, नुसता टेकवा," तिथला माणूस म्हणाला. मी श्वास धरून टेकवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर माझं नाव आलं आणि खाली माझा फोटो, आधार काढलं तेव्हाचा, डोळे वटारलेला. इतका वाईट फोटो मला कधी इतका आवडला नव्हता.

मग नियमाप्रमाणे नवऱ्याच्याही आधारची पडताळणी, त्यासाठी त्याच्या फोनवर आलेला क्रमांक हवा होता. ह्यांना फोन लावला. रिक्षाचा आवाज येत होता.

"ओ, तुमच्या फोनवर आकडो इलो हा, तो वाचा."

"कित्याक?"

सगळ्या केंद्राने ऐकलं. मी म्हटलं, "माझ्या पैशांक!" त्यांनी निमूट वाचला.

काम झालं. कागद हातात देताना तो माणूस म्हणाला, "ताई, तुमचा नवा नंबरही जोडलाय. आता पुढच्या वर्षी इथे यायला नको, अंगठाही नको. घरबसल्या फोनवरच होऊन जाईल." मी त्याचे मनापासून आभार मानले. पैसे माझे राहिले होते. बाहेर आले तेव्हा मला सगळ्या बाजाराला भजी खाऊ घालावीशी वाटत होती.

आई बाकड्यावरून उठली. "उमटलो?"

"उमटलो."

"देव पावलो," ती म्हणाली. आम्ही स्टँडकडे चालायला लागलो. तिची पिशवी मी घेतली, तिने ती घेऊ दिली, कारण आता माझे हात मोकळे होते. माझी देवगडची गाडी दुपारची होती आणि तिची तोंडवलीची त्याआधी. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "ह्या परत कधी करूचा लागतला?"

"दरवर्षी."

"दरवर्षी?" ती थांबली. "आणि दर खेपेक बोटा अशी बरी करूची लागतली? बसान?"

माझ्या पिशवीत तो कागद होता, आणि त्या माणसाचं बोलणं अजून कानात होतं. मी आईकडे पाहिलं. तिने ऊन लागू नये म्हणून पदर डोक्यावर घेतला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"होय तर," मी म्हटलं. "त्याशिवाय उमटत नाय."

"बरा आसा," आई म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली. तिची चाल एकाएकी झपझप झाली. "मग पुढल्या वर्सा वैशाखात ये. तेवा फणस पिकतत."

"सरकाराक सांगान बघतंय," मी म्हटलं.