मुकुंदरावांच्या टेपमशीनचं हेड

दवाखान्यातून घरी आली की रेणुका चपला न काढता दारातल्या खुर्चीवर बसायची. घरातले ही बसकण ओळखून होते. त्या वेळी तिला कुणी काही विचारायचं नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा मुकाट्यानं हातात द्यायचा. तारनाक्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती यंत्रं दुरुस्त करायची. सलाईनचे पंप, रक्तदाबाची मशिनं, कुरकुरणाऱ्या खाटांच्या मोटारी, काय वाट्टेल ते. लिफ्ट बहुधा बंद, आणि बिघडलेलं यंत्र नेहमी वरच्याच मजल्यावर. पन्नाशी उलटली होती. गुडघे बोलायला लागले होते.

आणि घरी दुसरं काम टेबलावर तिची वाट बघत असायचं.

त्या दुसऱ्या कामाची गोष्ट जुनी. रेणुकाचे वडील तातेराव नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीवर हैदराबादला आले आणि इथलेच झाले. पोरीला त्यांनी हट्टानं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला घातलं. तिथून ती कोठी भागातल्या हणमंतरावांच्या सर्व्हिस सेंटरात लागली. गावातल्या सगळ्या रेकॉर्डिंग स्टुडिओंची मशिनं तिथं यायची, आणि त्यात डॅट मशिनं पुष्कळ. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी कॅसेट. पण तिच्यात आवाज साठवायचा तो आकड्यांच्या रूपात. कॅसेट आत गेली की मशीन आपल्या हातानं टेप बाहेर ओढतं आणि गरगर फिरणाऱ्या एका चकचकीत ड्रमला गुंडाळतं. ड्रमच्या कडेला केसाच्या टोकाएवढी हेडं असतात. टेप वाचायची सगळी करामत त्यांचीच.

हणमंतराव शिकवताना दोनच गोष्टींवर ओरडायचे. मशीन उघडण्याआधी प्लग काढ, आणि काढला तरी लगेच हात घालू नकोस. आतल्या कपॅसिटरांत वीज दबा धरून बसलेली असते, त्यांना आधी रिकामं कर. आणि चालू मशीनवर मोजमाप घ्यायचीच वेळ आली, तर एक हात मागे ठेव. दोन्ही हात आत घातले की करंट छातीतून जातो. रेणुकानं हे इतकं अंगी बाणवलं होतं की घरी मिक्सर उघडतानाही तिचा डावा हात आपोआप पाठीमागे जायचा, आणि तिची लेक रोशनी हसायची.

पुढे कॉम्प्युटर आले, डॅट गेलं, सर्व्हिस सेंटरला कुलूप लागलं. जाताना हणमंतरावांनी दुकानातलं एक चांगलं मशीन रेणुकाला देऊन टाकलं. त्याच्याशी ताडून बघत ती पडेल ते डॅट दुरुस्त करायची. हे काम करणारं दुसरं कुणी उरलं नाही, तसा तिचा नंबर या हातातून त्या हातात फिरत राहिला. नाही म्हणणं तिला जमत नसे. "एवढं एकच," असं ती दर वेळी म्हणायची.

असंच एक मशीन बरकतपुऱ्याच्या मुकुंदरावांचं आलं.

मुकुंदराव कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. घराणं निजामाच्या काळापासून इथं नोकरी करणारं. तरुणपणी नव्हे, पण उमेदीत असताना त्यांनी एक उद्योग केला होता: शहरातल्या म्हाताऱ्या मराठी माणसांना गाठून त्यांचं बोलणं डॅटवर रेकॉर्ड करायचं. दखनी आणि तेलुगू मिसळलेली इथली मराठी, तिच्यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. ते राहिलं. टेपा तेवढ्या कपाटात राहिल्या. आता परदेशातला मुलगा अमोल मागे लागला होता, की बाबा, ते सगळं कॉम्प्युटरवर घेऊन पाठवा.

रेणुका मशीन न्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

ती काहीच म्हणाली नव्हती. "सोनकांबळे," तिनं सांगितलं.

"हं," मुकुंदराव म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले. असला हुंकार तिनं आयुष्यात इतक्या वेळा ऐकला होता की त्याचं वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा आला होता. चहा पिऊन ती मशीन उचलून घरी आली.

मशीन उघडल्याबरोबर तिला वास आला. कुणीतरी आत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. तेल पसरून रबरी रोलर फुगला होता, टेप त्यावरून घसरून गोळा होत होती. ती रोज थोडं थोडं करत राहिली. तेल पुसलं, रोलर बदलला, वाळून दगड झालेलं ग्रीस खरवडलं. मुकुंदराव रोज फोन करायचे.

"झालं का हो?"

"सर, थोडं सबर करा. नाजूक काम आहे."

"आमच्याकडे सबर करायला वेळ कुठंय!"

रविवारी सकाळी फक्त हेड साफ करायचं उरलं होतं. आदल्या दिवशी दवाखान्यात डबल ड्युटी झाली होती. सासू सखूबाईंना रात्रभर खोकला, त्यामुळे डोळ्याला डोळा लागला नव्हता. "मम्मी, आज नक्को ना, सो जा थोडा," रोशनी म्हणाली. पण रेणुकाला वाटलं, एकदाचं हातावेगळं होईल.

हेड साफ करायची रीत ठरलेली. मऊ कातड्याच्या तुकड्याला स्पिरिट लावायचं, तो ड्रमला नुसता टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळूहळू फिरवायचा. कातडं वरखाली हलवायचं नाही. हे तिला झोपेतही ठाऊक होतं. आणि खरोखर झोपेतच तो घोटाळा झाला. क्षणभर पापणी मिटली, मान कलली, आणि कातडं धरलेला हात वर सरकला. बोटाला काहीतरी बारीकसं अडकल्यासारखं लागलं. काचेवरून नख निसटावं तसं.

तिनं भिंग घेऊन बघितलं. एका हेडचा टवका उडाला होता.

ती किती तरी वेळ भिंग हातात धरून बसून राहिली. रडू आलं नाही. नुसता एक विचार आला, की आता हे सगळं कुणाला तरी समजावून सांगावं लागणार, आणि तेवढी ताकद आपल्यात नाही.

नवरा संघपाल भाजी घेऊन आला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पिशवी खाली ठेवली. तिनं सांगितलं.

"मग त्यात काय," तो म्हणाला, "जुनं मशीन, हेड गेलं म्हणून सांग. त्यांना काय कळतंय? खोटंही नाही ते."

"खोटं नाही," ती म्हणाली. तिला ते पटलंही. सोपंच होतं ते. तिनं फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि परत ठेवला. मग साडी बदलली आणि रिक्षा करून बरकतपुऱ्याला गेली.

मुकुंदरावांनी दार उघडलं आणि आधी तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"सर, मशीन होत आलं होतं. आज साफ करताना माझा हात घसरला. हेड फुटलं. चूक माझी आहे."

मुकुंदरावांचा आवाज चढला. "एवढे दिवस ठेवून घेतलंत आणि फोडून ठेवलंत? नवीन हेड आणा!"

"नवीन मिळत नाही आता. कुठंच बनत नाही."

"मग मी काय करू? तुम्ही लोक..." आणि ते थांबले.

रेणुका उभी होती. वाक्य पुरं होण्याची वाट बघत उभी राहिली. तुम्ही लोक म्हणजे मेकॅनिक, की आणखी कोण, हे त्यांचं त्यांनीच ठरवावं. मुकुंदराव दाराची कडी चाचपत राहिले. वाक्य पुरं झालं नाही.

"बसा," ते अखेर म्हणाले, निराळ्याच आवाजात. मग खुर्चीत बसता बसता म्हणाले, "तेल मी घातलं होतं त्यात. टेप अडकायला लागली म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही."

"पहिल्याच दिवशी वास आला होता सर."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं."

मुकुंदराव हसल्यासारखे झाले. रस्त्यावरून "मल्लेपुवुलू" असं ओरडत मोगरेवाला गेला. मग रेणुका म्हणाली, "माझ्याकडे असंच एक मशीन आहे. त्याचा ड्रम तुमच्या मशीनला बसतो. पुढच्या रविवारी लावून देते."

घरी संघपालनं ऐकलं आणि तो चमकला. "तुझ्या मशीनचा? मग पुढची कामं कशाशी ताडून बघणार?"

"पुढची कामं नाहीत," रेणुका म्हणाली.

आतून सखूबाई म्हणाल्या, "बरं केलंस माय. लई झालं."

पुढच्या रविवारी तिनं आपलं मशीन उघडलं. त्या आधी पोटभर झोपली. रोशनीला सांगून ठेवलं होतं, उठवू नकोस. प्लग काढला, कपॅसिटर रिकामे केले, ड्रमचे स्क्रू सोडवले. वायरींचा चपटा पट्टा अलगद सुटला. ड्रम निघाल्यावर मशीनच्या पोटात जो खळगा उरला तिकडे तिनं दोनदा बघितलं आणि झाकण लावून टाकलं. मुकुंदरावांच्या मशीनला तो ड्रम बसवून, चाचणीची टेप लावून, टेपेवरचा सिग्नल ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघत तिनं टेपेच्या वाटेवरचे खुंट केसाकेसानं फिरवले. पडद्यावरची रेघ आधी वेडीवाकडी होती. संध्याकाळपर्यंत ती सरळ झाली. आनंद झाला नाही असं नाही, पण तो पाठीच्या दुखण्याच्या मागून आला.

मशीन पोचवून तिनं ते कॉम्प्युटरला जोडून दिलं. मुकुंदरावांना बटणं दाखवली, पण त्यांनी कॅसेट तिच्याच हातात दिली. म्हणून पहिली टेप तिनंच लावली.

स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. बेगम बाजारात चिंच घ्यायला गेलं की काय बघायचं, ते ती सांगत होती. "नुसती काळी दिसली का घ्यायची नक्को. बोटानं दाबून बघायची. चिकटली का जुनी. दुकानदार हौ अम्मा, हौ अम्मा म्हणतो, त्याच्यावर जायचं नाई." मधेच कुणी तरी ओरडलं, पातेलं पडलं, बाई हसली. मग उमेदीतल्या मुकुंदरावांचा आवाज, अगदी मास्तरी: "बरं, आणि गूळ?"

"हा मी," मुकुंदराव म्हणाले. "किती घाई करतोय बघा. बोलूच देत नाहीये तिला."

बाई गुळावर आली. गुळावरून सुनेवर. मुकुंदरावांनी मान मागे टेकली. थोड्या वेळानं रेणुकानं बघितलं तर ते झोपले होते, तोंड अर्धवट उघडं, चष्मा नाकावर घसरलेला.

टेप आपोआप थांबत असे, तशी तिनं जायला हरकत नव्हती. पण टेप जुनी, कुठं अडकली तर बंद करायला कुणी हवं. शिवाय खुर्ची चांगली होती आणि पंखा जोरात होता. तिनं चपला काढल्या, पाय समोरच्या स्टुलावर घेतले आणि ती ऐकत बसली. बाईची सून काही केल्या सुधारत नव्हती.