सगळ्यांचं एकच मत

"मंचरच्या मारवाड्याची पोरगी, त्यात इंग्लिश मीडियम. तिला काय इचारायचंय? सही घ्या नि मोकळं व्हा."

मागच्या बाकावरून माझ्याबद्दल आलं. मी मान वळवली नाही. चहा पीत राहिले.

आंबेगावच्या डोंगराकडच्या केंद्रशाळेत आमची शिक्षण परिषद चालू होती. नवा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला आहे. मुलाला काय पाठ आहे त्यापेक्षा काय करता येतं, ते बघायचं. त्यावर प्रत्येक शिक्षकानं आपलं मत स्वतः लिहून द्यायचं होतं. आमच्याकडे 'स्वतः' म्हणजे असं: वळणदार अक्षराचे एक ज्येष्ठ गुरुजी नमुना लिहितात, त्याचा फोटो ग्रुपवर येतो, बाकीचे उतरवतात. माझ्या शेजारच्या बाईंनी तर गुरुजींच्या शाळेचा पटसुद्धा उतरवला होता. बाईंच्या शाळेत चाळीस मुलं, कागदावर अकरा.

खरी मतं चहाबरोबर निघत होती.

"चार वर्ग एका खोलीत, वर फोटो अपलोड करा. शिकवू कवा, राव?"

"रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतंय."

"आमी सायबांचा फोन आला की टेकाडावरनं उतरतो!"

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण नमुन्यात होतं: 'अंमलबजावणीत अडचण नाही. सर्व विद्यार्थ्यांनी अपेक्षित क्षमता प्राप्त केल्या आहेत. जादा मदतीची गरज नाही.'

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. एका खाचराला भाताच्या रोपांच्या किती जुड्या लागतील, हे ती नुसतं बघून सांगते. मी मोजून पाहिलंय, फार तर एखादी जुडी इकडेतिकडे. पण तिला दोनअक्षरी शब्द वाचता येत नाही. तिच्यासाठी मी जादा शिक्षक मागायचं ठरवलं होतं. त्या शेवटच्या ओळीखाली माझी सही झाली असती, तर कुणीच आलं नसतं, आणि ती तशीच चौथीत गेली असती.

मला हा अभ्यासक्रम आवडतो. तसं म्हटलं तर हसतील म्हणून कधी बोलले नव्हते. मी शिकले त्या शाळेत भातशेतीच्या धड्यावर मला इंग्रजीत पैकीच्या पैकी गुण होते, आणि मी खाचरात पाय ठेवला तो नोकरी लागल्यावर. मला काय येत नाही, हे मला शाळेत कुणी विचारलंच नाही. या मुलीबद्दल तेवढं तरी विचारतायत. आणि उत्तर आम्ही खोटं देणार?

गुरुजी माझ्या नावानं उतरवून ठेवलेला कागद घेऊन माझ्या बाकाशी आले. माणूस वाईट नाही. मी रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला हजेरीपट भरायला शिकवलं होतं.

"मॅडम, तुमचीच सही ऱ्हायली. सायेब निघालेत."

मी कागद हातात घेतला नाही.

"वेगळं लिवलं तर चौकशी मागं लागती. तुमी नवीन, म्हणून सांगतो."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. मागचा बाकही. मी उभी राहिले.

"लागू दे चौकशी, गुरुजी. माझ्या वर्गातल्या मुलीला वाचता येत नाही आणि मला मदत हवी आहे. मला कोरा कागद द्या."