माझा झेड ड्राइव्ह नक्की कुठे होता?

मंडळी, मी नववीपर्यंत शिकलेला म्हातारा माणूस. अंधेरीत प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग सांभाळतो. ती सगळी झेड ड्राइव्हवर, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक जागेत, ठेवतो.

आज सकाळी सावंतांचा जुना कॉम्प्युटर न्यायला भंगारवाला आला. माझ्याबरोबर ड्रॉइंग सांभाळणारे सावंत रिटायर झाले, तरी मशीन टेबलाखाली चालूच होतं. माझा झेड त्यातच तर नाही ना, अशी मला शंका आली.

"काका, आपला झेड सर्व्हरवर आहे. किती टेन्शन घेता!" ऑफिसातली मनाली म्हणाली.

"असेल गं. पण बघू दे."

नेटवर मिळालेला मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, एक्सेलमध्ये टाकून दोघांच्या मशीनवर चालवला. प्रत्येक ड्राइव्हच्या अक्षरासमोर त्याचा नेटवर्कवरचा खरा पत्ता आला. मनालीचा झेड सर्व्हरवरच होता. माझ्या झेडसमोर मात्र सावंतांच्या कॉम्प्युटरचं नाव!

"आयला! काका, थांबवा त्या भंगारवाल्याला!"

"त्याला मी कधीच चहा देऊन बसवलंय."

आता ड्रॉइंग सर्व्हरवर कॉपी होतायत. अक्षर एक म्हणून जागाही एकच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तुमच्या ऑफिसात प्रत्येकाचा झेड खरा कुठे आहे, ते कुणी बघितलंय का?