दांड्यावरची काळी पट्टी

बोलता बोलता गुरुजी उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे. "नारळ अन् पोरगी. लग्नात म्या दोनच गोष्टी घेतल्या," म्हणायचे आणि एकेक बोट सावकाश मिटायचे. पांढुर्ण्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाने ती बोटं पाहिली आहेत. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याची एकच गोष्ट सगळ्यांना पाठ असते आणि तरी पुन्हा ऐकावीशी वाटते.

ती नुसती बढाई नव्हती. मुलीचं लग्न हुंड्यावर अडलं की लोक गुरुजींना घेऊन वरपक्षाकडे जात. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न त्यांच्यामुळेच जमलं. सौंसरला मुलाकडच्या ओसरीवर बसून त्यांनी दोन बोटं वर केली आणि मुलाच्या बापाने चहाची बशी खाली ठेवून हुंड्याचा आकडा मागे घेतला. मी आमच्या घरातला पहिला बी.ए.; तोही गुरुजींनी माझ्या वडिलांना दटावलं म्हणून. पुढे त्यांच्याच शाळेत मास्तर झालो, तरी त्यांच्यासमोर खुर्चीवर टेकताना मला अवघडल्यासारखं व्हायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून अनारसे आणि वाण द्यायची आपल्याकडे रीत आहे. गुरुजींचे सासरे मोहगावचे, संत्र्याचा बगिचा राखणारे, कमी बोलणारे. लग्नापासून जावयाने त्यांच्याकडून काही घेतलं नव्हतं, आणि ते त्यांना लागून राहिलं होतं. अनारशांच्या ताटाशेजारी त्यांनी कोरी हिरवी सायकल उभी केली. वाण परत करता येत नाही. गुरुजी सायकल घेऊन आले.

पण सासऱ्यांनी पेंटरला गाठून आडव्या दांड्यावर लिहून घेतलं होतं. भांड्यांवर नाव घालतात तसं, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत: 'जावईबापूंस सप्रेम भेट – सदाशिवराव, मोहगाव.'

पहिल्यांदा गुरुजींनी दांड्याला थैली अडकवली. ती सरकायची आणि 'जावईबापूंस' तेवढं बाहेर डोकावायचं. मग वर्तमानपत्र गुंडाळलं. ते पावसात भिजून चिंध्या झालं. शेवटी वायरमन वापरतात ती काळी चिकट पट्टी आणली. मी हँडल धरलं आणि गुरुजींनी खाली बसून अख्खा दांडा गुंडाळला. फळ्यावर लिहितात तितक्याच नीटसपणे.

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"बाबानं देल्लं ते झाकाचंच असंन," त्या म्हणाल्या, "तं मलेबी गुंडाळून ठेवा."

"तसं नाही व," गुरुजी मान वर न करता म्हणाले. "लोक काय म्हनतीन? याच तोंडानं म्या लोकाइच्या सोयरिकी जमवल्या."

शाळेत चिडवाचिडवी झालीच. "काऊन जी गुरुजी, नव्या सायकलीले पट्टी?"

"उन्हानं रंग उडते बाप्पा."

"मंग एक टोपीबी घालून द्या तिले."

सगळे हसले. गुरुजीही हसले, पण जरा उशिरा.

गुरुजी आता नाहीत. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगतो. पुढची आजवर सांगितली नव्हती.

दिवाळीनंतर सासरे सौंसरच्या बसने यायचे होते. त्यांना आणायला गुरुजी निघाले, मीही सोबत होतो. बसस्टँडजवळच्या सायकल स्टँडवर सायकल ठेवली. सासरे संत्र्यांची थैली घेऊन उतरले, आम्ही सायकल घ्यायला गेलो, तर सायकल ठेवताना मिळालेला पत्र्याचा बिल्ला गुरुजींना सापडेना. सगळे खिसे उलटे करून झाले. स्टँडवाला नवा होता, गुरुजींना ओळखत नव्हता.

"बिल्ला नसंन तं दांड्यावरचं नाव सांगा, अन् घेऊन जा," तो म्हणाला. मग त्याला पट्टी दिसली. "नाव कोन झाकते जी? चोरीचाच माल झाकते मानूस."

माणसं थांबली. शेजारच्या पानठेल्यावर एक गृहस्थ उभे होते. त्यांच्याच मुलाशी एका गरिबाच्या पोरीचं बिनहुंड्याचं लग्न जमवायला गुरुजी जाणार होते. तेही पान चघळत जवळ आले. गुरुजींनी दांड्यावर हात ठेवला. मी काही बोलण्याआधीच स्टँडवाल्याने सीटकडच्या टोकाला नख घातलं आणि पट्टी उलगडायला लागला. आधी 'मोहगाव' निघालं, मग 'सदाशिवराव'.

"हा सदाशिवराव कोन होय?"

गुरुजींनी जवळ आलेल्या त्या गृहस्थांकडे पाहिलं.

"मी," सासरे पुढे होऊन म्हणाले. उरलेल्या पट्टीखाली 'जावईबापूंस' होतं, तिथे त्यांनी पंजा ठेवला. "माही सायकल होय ते."

"तुमची, तं मंग या मास्तरपाशी कशी?"

म्हाताऱ्याने जावयाकडे पाहिलं नाही. "मास्तर वळखीचे हायेत आमचे. चालवाले देल्ली होती."

ज्यांना मुलीच्या लग्नात काही देऊ दिलं नाही, ते आता नातंही सोडून देत होते. गुरुजींनी तेही घेतलं. त्यांनी दांड्यावरचा हात काढून घेतला. पानठेल्यावरचे गृहस्थ मान डोलवून परत गेले.

स्टँडवाल्याने सायकल सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांना चालवता येत नव्हती. ते ढकलत पुढे निघाले. मागे संत्र्यांची थैली छातीशी धरून गुरुजी, आणि त्यांच्यामागे मी. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि तेच बरं वाटत होतं.

गल्लीच्या वळणावर गुरुजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मामाजी, द्या ना माह्यापाशी."

"राहू द्या, बापू. लोक पाहून राहिले."

मग सासऱ्यांनी सायकल भिंतीला टेकवली. पट्टीचं सुटलेलं टोक लोंबत होतं. त्यांनी ते ताणून आपल्या नावावरून गुंडाळलं आणि चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबत राहिले.