दारातली चप्पल

"काका, आय गेली." समोरच्या फ्लॅटमधल्या जनीआयच्या मुलाचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा मी सोसायटीच्या नोटीस बोर्डापाशी उभा होतो. बोर्डावर माझ्याच सहीची नोटीस होती, रहिवाशांनी दरवाजे कायम बंद ठेवावेत. दीड महिना होत आला. ती नोटीस मी काढलेली नाही आणि नवी एकही लावलेली नाही.

जनीआय मूळची खाडीकाठच्या गावातली. शेती गेली, तिथं इमारती उठल्या आणि मुलानं तिला सीवूड्सला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तो स्वतः खांदेश्वरला. गावात दिवसाउजेडी दार लावायची पद्धत नव्हती, आणि आमची दारं लागली की आपोआप लॉक होणारी. तिनं सोपा उपाय काढला. दाराच्या फटीत निळ्या पट्ट्याची एक स्लीपर अडकवून ठेवायची, मग कुणीही ढकलावं आणि आत यावं. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाला घरात बसवून ही बाई खाली कोथिंबीर आणायला गेली! मी सेक्रेटरी, माझा जीव वरखाली. त्याचं नाव तरी विचारलंत का, म्हणून ओरडलो, तर म्हणते, "नाव कशाला पायजे रं शेक्रेटरी? उन्हातशी आलेला, पानी पीत बसलाय." वर घराची जादा चावी माझ्याच हातात ठेवली. मला वाटायचं, हिला माणसं कळतच नाहीत.

एका दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. बाजूच्या इमारतीत चोरी झाली होती, तरी हिची स्लीपर दारात होतीच. सकाळी एका साखरपुड्याला निघता निघता मी ती उचलली, दार ओढून घेतलं आणि स्लीपर माझ्या चपलांच्या कपाटात टाकली. संध्याकाळी चांगलं सुनावून परत द्यायची, असा बेत. परतलो तेव्हा दार बंदच होतं. चला, अद्दल घडली, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं... तेवढ्यात मुलाचा फोन, आय फोन उचलत नाही. माझ्या घरात खिळ्याला लावलेली तिची जादा चावी काढून दार उघडलं. ती स्वयंपाकघरात पडली होती, सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं. मजल्यावरच्या दोघीजणी दुपारी येऊन, दार बंद बघून, गावी गेली असेल म्हणून परत गेल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये तिनं एकदाच विचारलं, "दार कसा लागला रं?"

"वारा होता, आय."

"आसंल," ती म्हणाली. "हाका मारल्या, कोन नाय आला. पन चावी तुझ्याकरं व्हती. तू येशील, मना ठावं व्हता." आणि माझा हात थोपटत राहिली. त्या हाताखालून मला माझा हात काढून घेता येईना. तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं, मग ती जरा बरी झाली की सांगू... तिला सगळं कळलं होतं का? कुणास ठाऊक. मी इतकी वर्षं विश्वास ठेवणाऱ्या माणसांना भोळं समजत आलो, फसतील म्हणून त्यांचीच काळजी करत आलो. ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो तो किती अडकतो, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं मला रागानं दोन शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो.

गेल्या आठवड्यात मुलगा सामान आवरायला आला होता. एकच स्लीपर हातात धरून दारात उभा राहिला. "काका, हिची दुसरी कुठं दिसली का? आयची आठवण म्हनून जोडी ठेवायची हाय."

"बघतो," मी म्हणालो.

"तुमी बघताय ना, मग टेन्शन नाय," म्हणाला, आणि फ्लॅटच्या उरलेल्या चाव्याही माझ्याकडेच ठेवून गेला.

स्लीपर माझ्या कपाटात आहे, बुटांच्या शेजारी. रोज सकाळी कपाट उघडतो, बूट काढतो, कपाट लावतो. ती त्याला द्यायची, तर कुठं सापडली ते सांगावं लागेल.